पॅनिक आणि पाचावर धारण

मागच्या डिसेंबरात चार दिवस बेळगावला मावशीकडे होतो. मावशीचे घर टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत पाच मिनिटांवर. मी पोचलो त्याच संध्याकाळी शेजारची बाई सांगून गेली, की उद्यापासून दोन दिवस नळाला पाणी येणार नाही म्हणतात. झाले. मावशी उठली. आधी मोठे पिंप भरले, मग हंडे, कळशा, बादल्या, आणि शेवटी प्रेशर कुकरसुद्धा भरून ओट्यावर ठेवला. तिची कॉलेजात जाणारी नात मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, "आज्जी, किती पॅनिक व्हायलीस गं!"

मावशीने हातातली कळशी खाली ठेवली आणि विचारले, "पॅनिक म्हंजे काय?"

"म्हंजे... उगीचच घाबरणं."

"मग मी पॅनिक न्हाई. उद्या पाणी न्हाई म्हणून आज भरून ठेवतो मी. ह्यात उगीच काय हाय?"

(बेळगाव-कोल्हापूरकडच्या जुन्या बायका 'मी ठेवतो' असेच बोलतात. गोव्यातल्या माझ्या कानांना ते अजून गोड लागते.)

नात हसली, मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मावशीचा प्रश्न काही जाईना. पॅनिक म्हणजे काय? आपण हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. 'पॅनिक होऊ नकोस', 'पॅनिक बाईंग', 'पॅनिक अटॅक'. मराठीत तो आता इतका रुळला आहे, की घाबरणे हा शब्द गावंढळ वाटावा. पण नातीने सांगितलेला अर्थ अगदी नेमका होता. पॅनिक म्हणजे नुसते भय नव्हे, 'उगीचचे' भय. या शब्दात भीतीबरोबर एक शेराही दडलेला आहे. घाबरणाऱ्याला कारण नाही, असा तो शेरा. हा शेरा कोण मारतो, कोणावर मारतो आणि तो दरवेळी खरा असतो का, हे बघायचे तर शब्दाच्या मुळाशी जायला हवे.

हे मूळ ग्रीसमध्ये आहे. ग्रीसच्या दक्षिणेला आर्केडिया नावाचा डोंगराळ, गुराख्यांचा मुलूख. तिथला देव पॅन. कमरेखाली बोकड, वर माणूस, डोक्यावर शिंगे, हातात पावा. आपल्याकडच्या राखणदारासारखाच हा रानाचा मालक. कोकण-गोव्यातल्या माणसाला पॅन समजावून सांगावा लागत नाही. भर दुपारी रानात मोठ्याने बोलू नये, ती देवचाराची वेळ, असे आपल्याला लहानपणी बजावलेले असते. ग्रीक गुराखीही टळटळीत दुपारी पावा वाजवायला भीत, कारण त्या वेळी पॅन झोपलेला असतो आणि झोपमोड झाली तर कोपतो. शांत चरणारा कळप एकाएकी कान टवकारतो आणि काही दिसत नसताना उधळतो, हे पॅनचे काम. तोच प्रकार रात्रीच्या वेळी छावणीतल्या सैन्यात घडला, की तेही पॅनचेच काम. या भयाला ते 'पॅनिकॉन' म्हणत, पॅनकडून आलेले. ग्रीकांतून हा शब्द फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला.

ग्रीकांनी या देवाचे उपकारही मानले. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या लढाईच्या वेळी धावत मदत मागायला गेलेल्या दूताला पॅन डोंगरात भेटला, अशी कथा हेरोडोटसने नोंदवली आहे. इराणी सैन्याचा पराभव झाल्यावर अथेन्सकरांनी आपल्या गडाच्या पायथ्याशी पॅनचे देऊळ केले. इसवी सनापूर्वी २७९ मध्ये डेल्फीवर चालून आलेल्या गॉल टोळ्या माघार घेत असताना एका रात्री आपापसांतच कापाकापी करू लागल्या. ते सांगताना पॉसेनियस म्हणतो, की कारण नसलेले भय या देवाकडून येते.

मला सगळ्यांत आवडते ती गोष्ट झेनोफनने सांगितलेली आहे. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये इराणच्या राजाविरुद्ध लढायला गेलेली दहा हजार भाडोत्री ग्रीकांची फौज परमुलखात अडकली. एका रात्री छावणीत एकाएकी कल्ला उठला. कोण आले, कुठून आले, काही कळेना. सेनापती क्लिआर्कस याने दवंडी पिटणाऱ्याला बोलावले आणि पुकारा करायला लावला : 'हत्यारांच्या गर्दीत गाढव कोणी सोडले त्याचे नाव सांगणाऱ्याला इतकी चांदी बक्षीस.' गाढव सुटले होते की नाही, देव जाणे. पण दवंडी ऐकून शिपायांना कळले, की एवढेच होते होय! आणि छावणी शांत झाली.

यात क्लिआर्कसचा शहाणपणा बघा. 'घाबरू नका' असे तो म्हणाला नाही. घाबरणाऱ्यांना मूर्खही ठरवले नाही. त्याने त्यांना एक कारण दिले, आणि त्यांना पटेल असे दिले. भीतीवर उतारा दिला तो माहितीचा. (माहिती खोटी असेल, पण ती गोष्ट वेगळी.)

आता आपल्या मराठीकडे येऊ. आपल्याकडे भीतीचे शब्द कमी नाहीत. धडकी, धसका, धास्ती, धाबे दणाणणे, गाळण उडणे, हाय खाणे, पळता भुई थोडी होणे. हे सगळे भीती अंगात काय करते ते सांगतात, ती खरी की खोटी याचा निवाडा करीत नाहीत. खोट्या भीतीसाठी आपण वेगळे शब्द ठेवले आहेत. हूल, आवई, भुमका, कंडी. त्यातही दोष भिणाऱ्याला नाही, उठवणाऱ्याला आहे. आवई उठते, कंडी पिकवतात, हूल देतात. कोकणीतली 'भिरांत'सुद्धा भिणाऱ्याला वेडा ठरवीत नाही.

दोन-तीन मराठी शब्दांच्या तर जन्मकथाच आहेत. 'तारांबळ' हा शब्द मंगलाष्टकांनंतरच्या श्लोकातल्या 'ताराबल' या शब्दावरून आला असे सांगतात. भटजींच्या तोंडून ते अक्षर निघाले, की मुहूर्त आला, अंतरपाट दूर होणार, हार कुठे, अक्षता कुठे, वाजंत्रीवाले कुठे अशी मांडवात उडते ती तारांबळ. ग्रीकांची गडबड रानात, आपली लग्नात.

दुसरा शब्द 'भाऊगर्दी'. आज आपण तो निवडणुकीतल्या इच्छुकांसाठी वापरतो. पण हा भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि ही गर्दी म्हणजे १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि दुपारपर्यंत लढत असलेली फौज फुटली. ग्रीकांनी अशा घटनेला देवाचे नाव दिले, आपण माणसाचे दिले. आणि त्या फौजेला कारण नव्हते असे कोण म्हणेल? शिपाई उपाशी होते, जनावरे मेली होती, मागे परतायला वाट नव्हती.

तिसरा वाक्प्रचार मला या सगळ्यांत मोलाचा वाटतो : 'पाचावर धारण बसणे'. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. या वाक्प्रचाराची जी व्युत्पत्ती नेहमी सांगितली जाते ती अशी, की दुष्काळात रुपयाला पाच शेर इतकी महाग धारण झाली, आणि ती ऐकून लोकांच्या पोटात गोळा आला. पुढे भीतीने गर्भगळित झालेल्या कोणालाही 'त्याची पाचावर धारण बसली' असे म्हणू लागले. म्हणजे एका भाषेने आपल्या भीतीच्या शब्दात अदृश्य देव बसवला, तर दुसरीने धान्याचा भाव. आपल्या पूर्वजांना माणूस का घाबरतो ते ठाऊक होते. घरात उद्याचे पीठ नसते म्हणून घाबरतो.

हे दोन अर्थ, उगीचचे भय आणि भाव ऐकून वाटलेले भय, आपल्या मुलखात एकदा समोरासमोर आले. ती गोष्ट १८९६ ची. आणि तिची सुरुवात एका गोवेकरापासून होते.

डॉ. अकासियु गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे बार्देशातल्या हडफड्याचे. मुंबईत मांडवी भागात त्यांचा दवाखाना. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी एका रोग्यावरून जाहीर निदान केले, की हा गाठींचा प्लेग आहे. डॉक्टरांच्या या निदानाचे स्वागत झाले असे समजू नका. सरकारी भाषेत सुरुवातीला प्लेग हा शब्दच टाळला जात होता. 'ब्युबॉनिक फीवर' म्हणजे गाठींचा ताप एवढेच म्हटले जाई. नाव घेतले तर लोक घाबरतील, व्यापार बसेल. व्हिएगस यांनी नाव घेतले आणि गरीब वस्त्यांतून फिरून रोग्यांवर उपचार करीत राहिले. पुढे १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. मुंबईत धोबीतलाव परिसरात त्यांचा पुतळा आहे. गोव्यात मात्र त्यांचे नाव फारसे कोणाला आठवत नाही, याचे वाईट वाटते.

लोक घाबरलेच. आठ लाखांच्या मुंबईतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत साधारण पावणेचार ते चार लाख माणसे निघून गेली. त्याआधी २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला. गावात आवया उठत होत्या. इस्पितळात माणसांना उलटे टांगून 'मोमियाई' नावाचे तेल काढतात. राणीच्या मुंबईतल्या पुतळ्याला कोणी डांबर फासले त्याचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजे हवी आहेत. (डांबर फासले ते आम्हीच, असे पुढे दामोदर चापेकरांनी लिहून ठेवले.) इंग्रजी वृत्तपत्रे आणि सरकारी अहवाल या सगळ्याला एकच शब्द वापरत होते : पॅनिक. अडाणी नेटिव्हांचे उगीचचे भय.

आवया खोट्याच होत्या. पण जरा त्या गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून बघा. त्याच्या चाळीतून जो जो इस्पितळात नेला, त्यातले बहुतेक परत आले नाहीत. कारण रोगच तसा होता आणि औषध नव्हते. पण त्याला दिसत होते ते एवढेच, की जो जातो तो मरतो. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, वेडगळ नव्हता. त्यात ६ ऑक्टोबरला महापालिकेने जाहीर केले होते, की घरात शिरून रोगी उचलण्याचा अधिकार आम्हाला आहे. तेव्हा धारण पाचावर बसलीच होती.

दुसरीकडे एक भीती अशी होती, की जिला कोणी पॅनिक म्हणत नव्हते. युरोपातली बंदरे हिंदुस्थानचा माल बंद करतील ही ती भीती. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, ती याच साथीसाठी. तिच्या दडपणाखाली ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा घाईघाईने मंजूर झाला. या कायद्याने अधिकाऱ्यांना वाटेल ते करण्याची मुभा दिली. पुण्यात रँडसाहेबाची प्लेग कमिटी आली. गोरे शिपाई घराघरांत, देवघरांत शिरू लागले, सामान रस्त्यावर टाकून जाळू लागले, रेल्वे स्टेशनांवर परके पुरुष बायाबापड्यांच्या अंगाला हात लावून गाठी तपासू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आयर्स्टही मारला गेला. सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. घाबरायला सर्वांत जास्त कारण असलेली माणसे रोग्याला पाठीवर उचलून नेत होती, आणि बंदुका हाती असलेले घाबरून घरे उचकटत होते. मग पॅनिक नेमके कोणाला झाले होते?

अमेरिकेतले आपत्तीचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले ते फार नंतर. एन्रिको क्वारांटेली यांनी १९५० च्या दशकापासून पूर, भूकंप, आगी यांत सापडलेल्या माणसांचा अभ्यास केला, आणि त्यांना आढळले, की सिनेमात दाखवतात तशी सैरावैरा, एकमेकांना तुडवीत पळणारी गर्दी प्रत्यक्षात विरळाच असते. बहुतेक माणसे आधी घरच्यांना शोधतात, शेजाऱ्याला हाक मारतात, हाताला लागेल ते काम करतात. पुढे २००८ च्या सुमारास ली क्लार्क आणि कॅरन चेस यांनी 'एलिट पॅनिक' हा शब्दप्रयोग वापरला. मराठीत त्याला 'वरच्यांची घबराट' म्हणता येईल. लोक घाबरतील या भीतीनेच अधिकारी माणसे घाबरतात, माहिती दडवतात, आणि नको तेवढा बळाचा वापर करतात. व्हिएगस यांच्या मुंबईला आणि रँडच्या पुण्याला हा शब्द किती चपखल बसतो! दुर्दैव इतकेच, की तो शतकभर उशिरा आला.

प्लेग रेल्वेने खाली सरकला. पुणे, सातारा, आणि १८९७ च्या अखेरीस बेळगाव, मग धारवाड, हुबळी. टिळकवाडीच्या गेटांतून आज मावशीची झोप मोडीत जाते तीच ती लाइन. त्या वेळी टिळकवाडी अशी नव्हती. ही थळकवाडी. त्या जुन्या नावाची शाळा इथे आजही आहे. सकाळी चहा पिताना मी मावशीला विचारले, की तुझ्या सासरी-माहेरी प्लेगचे काही बोलत का? ती म्हणाली, तिची आजी सांगायची, की घरात उंदीर पडला की माणूस पडायची वाट बघायची नाही. चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि माळावर खोपी घालून राहायचे. पाऊस असो की थंडी. गावात परत यायचे ते जाणत्यांनी सांगितल्यावरच.

ही आठवण एकट्या मावशीच्या घरची नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, पलीकडे कोल्हापूर, कोणत्याही जुन्या घरात विचारा, माळावरच्या खोपी निघतात. सरकारी कागदांत हीच गोष्ट 'घाबरून पळाले' म्हणून लिहिलेली असेल. पण विज्ञान काय म्हणते बघा. प्लेगचे जंतू येर्सिनने हाँगकाँगमध्ये १८९४ मध्ये शोधले. ते उंदराच्या पिसवांमार्फत माणसात येतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले, आणि ते सर्वमान्य व्हायला १९०७-०८ साल उजाडले. म्हणजे १८९७ मध्ये भिंतींवर कार्बोलिकचे फवारे मारणाऱ्यांना उंदीर-पिसू ठाऊक नव्हते. औषधाने धुतलेल्या घरातून उंदीर निघून शेजारच्या घरात जात, एवढाच काय तो परिणाम. आणि उंदीर पडला की घर सोडणारी मावशीची आजी? तिने नेमके तेच केले जे करायला हवे होते. पुढे सरकारनेही सक्ती सैल करून गाव खाली करणे, माळावर राहणे हाच मुख्य उपाय धरला.

एकच बाजू सांगितली तर लबाडी होईल. मुंबईहून पळालेल्यांच्या गाठोड्यांतून प्लेग गावोगाव गेला, हेही खरे. माळावर जाणे आणि आगगाडीत बसून दुसऱ्या शहरात जाणे यांत फरक आहे. भीतीला कारण होते म्हणजे भीतीने केलेले सगळे बरोबर, असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते इतकेच, की 'पॅनिक' म्हटले, की हा फरक बघण्याची गरजच उरत नाही. पळणारे सगळे सारखे मूर्ख दिसू लागतात.

याचा पुरावा बेळगावच्या शेजारीच आहे. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लसीबद्दलही नाना आवया होत्याच. पण १८९८ मध्ये हुबळीत प्लेग भयंकर पसरला, तेव्हा डॉ. ल्यूमन यांच्या मोहिमेत सुमारे ३८ हजार लोकांनी ती टोचून घेतली. पन्नासेक हजारांच्या गावात! टोचलेली माणसे वाचतात आणि न टोचलेली जातात, हे गल्लीगल्लीत डोळ्यांसमोर दिसत होते. ज्यांना अडाणी, भेकड म्हटले जात होते, त्यांनी बघितले, हिशोब केला आणि दंड पुढे केला. क्लिआर्कसच्या दवंडीसारखेच हे. कारण दिसले की माणूस शांत होतो.

टिळकवाडीत तर या सगळ्याचे एक स्मारकच आहे, फक्त त्याला कोणी स्मारक म्हणत नाही. व्हॅक्सिन डेपो. बेळगावकर तिथे पहाटे फिरायला जातात, पोरे क्रिकेट खेळतात, प्रदर्शने भरतात, महाराष्ट्र एकीकरण समितीचे महामेळावे तिथल्या मैदानावर झाले. नाव घेताना व्हॅक्सिनचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावची थंड हवा बघून इथे देवीची लस तयार करणारी संस्था उभी राहिली आणि मुंबई इलाख्याला इथून लस जाऊ लागली. वासरांच्या अंगावर वाढवलेली ही लस. तिलाही लोक भ्यायले. देवी अंगात येते ती देवता, तिला सुईने कसे अडवायचे? गाईच्या पोटचे अंगात कसे घ्यायचे? पण दोन-तीन पिढ्यांत 'देवी काढणे' हा शब्दच लस टोचण्यासाठी रूढ झाला. देवीचा राग घालवणारा 'देवी डॉक्टर' गावोगाव फिरू लागला. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी बरा झाला आणि १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचे जाहीर झाले. डेपोतल्या झाडांखालून फिरताना मला वाटले, एका भीतीचा इतका चांगला शेवट झाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

आणि मग २०२०. तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर आला. गोव्यात आपल्याला तो मार्च आठवतो. २२ तारखेचा जनता कर्फ्यू, तो वाढत गेला, आणि मग सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानेही बंद. गोव्याची भाजी येते बेळगावहून. चोर्ला घाटातून आणि अनमोडातून येणाऱ्या गाड्या थांबल्या, की आपल्या ताटातली भाजी थांबते, हे पणजीतल्या फ्लॅटात राहणाऱ्यालाही माहीत असते. लोक मिळेल तिथे रांगा लावून तांदूळ, कांदे, दूध घेऊ लागले. टीव्हीवर नाव पडले : पॅनिक बाईंग. दुकाने बंद, गाड्या बंद, उद्या कधी उघडणार कळत नाही, आणि दोन किलो जास्त तांदूळ घेणारा मात्र पॅनिक झालेला! त्या रांगेत मीही होतो. माझ्या पुढे एक म्हातारी होती, तिने पाच किलो तांदूळ घेतले आणि त्यातले दोन मागच्या एका परप्रांतीय मजुराला दिले. क्वारांटेलींनी सांगितले ते मी तेव्हा वाचलेले नव्हते, पण बघितले होते.

एक खुलासा करायला हवा. डॉक्टर ज्याला 'पॅनिक अटॅक' म्हणतात त्याची गोष्ट वेगळी आहे. छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता आपण मरणार असे वाटते, आणि बाहेर कारण काहीच दिसत नाही. हा आजार म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत १९८० मध्ये स्वतंत्रपणे आला. तिथे पॅनची आठवण योग्य आहे, कारण भय खरोखरच रानातून आल्यासारखे येते. पण तिथेही 'उगीच' म्हणून चालत नाही. बाहेर कारण नसले, तरी त्या माणसाचा त्रास खराच असतो आणि त्यावर उपचारही असतात. 'उगीच घाबरू नकोस' याने तो बरा झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

म्हणून माझे मत झाले आहे, की पॅनिक हा शब्द जपून वापरावा. कोणी घाबरलेला दिसला, की ग्रीकांचा देव शोधण्याआधी आपल्या पूर्वजांसारखा बाजारभाव विचारावा. धारण कितीवर बसली आहे? या माणसाला काय दिसते आहे, जे मला दिसत नाही? त्याच्या घरात उंदीर पडला आहे का? आणि 'घाबरू नका' असे वरून कोणी सांगत असेल, तर सांगणाऱ्याची धारण कितीवर आहे, हेही बघावे.

मावशीकडे पाणी दोन दिवस नव्हे, तीन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बाई रिकामी बादली घेऊन दारात आली. मावशीने काही न बोलता पिंपाचे झाकण काढले. नात आंघोळ करून, केस पुसत बाहेर येत होती. मावशीने तिच्याकडे एकदा बघितले आणि मला म्हणाली, "पॅनिकचं पाणी बरं लागतं की रे पोरीला!"